मूठभर ज्वारीचं मोल

आपण जन्माला आलो आहोत हे पटवून द्यायला नुसतं समोर उभं राहून भागत नाही, हे मला अमरावतीच्या कचेरीत कळलं. विलायतेला शेतकीचं शिक्षण घ्यायला जायचं ठरलं होतं. तिथल्या कॉलेजात जागा मिळाली होती, खर्चाची सोय एका धर्मादाय निधीतून झाली होती, अडलं होतं ते पासपोर्टपाशी. कारकून म्हणाला, जन्माचा दाखला आणा, नाहीतर जन्मापासून ओळखणारा माणूस आणा. वऱ्हाड प्रांत कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, त्यामुळे इथल्या माणसाची चौकशी जरा जास्तच होते, हेही त्याने पान चघळत समजावलं. मार्गशीर्ष लागेपर्यंत काम झालं नाही, तर माझी जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

माझ्याजवळ दाखलाही नव्हता आणि माणूसही नव्हता. आमचा भाजीचा मळा बार्शीटाकळीजवळ होता. मी लहान असतानाच आई-वडील तापाच्या साथीत गेले आणि मी अकोल्याच्या वसतिगृहात वाढलो. दिवाळीत सगळी मुलं घरी जात आणि मागे मी एकटा उरे. माझ्या एकट्यासाठी चूल पेटवावी लागते म्हणून स्वयंपाकी कुरकुरायचा, आणि त्याचं काही चुकत होतं असं नाही. माझ्या उजव्या नाकपुडीला लहानपणीच टोचलेलं भोक आहे. कॉलेजातले मित्र विचारत, “नथ कुठं ठेवून आलास?” मीही हसून घेई. आधीची मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाक टोचतात, एवढंच मला ठाऊक होतं.

माझा जन्म आईच्या माहेरी, कौंडण्यपूरजवळच्या एका खेड्यात झाला होता. तिथे गेलो तर आजोळच्या घरात माणूसच उरलं नव्हतं. शेजारचे एक म्हातारबा ओट्यावर बसले होते. त्यांना माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, “तुही माय पोटुशी व्हती, हे पाह्यलं आमी. पन लेकरू झालं का नाई, कोनाले मालूम? दार लावूनच बसे. आधीचे तीन गेले नं, म्हनून कोनाले सांगतलंच नाई. बारसं नाई, कोतवालाले वर्दी नाई.” साक्ष द्याल का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. “जे पाह्यलं नाई ते कसं सांगू, बाबू?” मला त्यांचा राग आला नाही. त्या ओट्यावर बसून मला एवढंच वाटलं, की आपण मेलो तर कोणाला कळणार नाही हे ठाऊक होतं, पण जन्मलो हेही कोणाला कळलं नव्हतं.

कौंडण्यपूर जवळच होतं आणि कार्तिकाची यात्रा भरली होती. खरं सांगायचं तर मी देवदर्शनाला गेलो नाही, परतीची गाडी तिथून मिळेल म्हणून गेलो. देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्याचा माझ्यावर असेल असं वाटत नव्हतं. तरी पाय देवळाकडे वळले. हे रुक्मिणीचं माहेर. इथली ही लेक थेट द्वारकेला गेली, आणि तिला कोणी जन्माचा दाखला मागितला नाही. मूर्तीपुढे उभा असताना मला तिचा चक्क हेवा वाटला. मग डोळे भरून आले. मी काही मागितलं नाही. एवढंच म्हणालो, आता माझ्याने होत नाही, तुला वाटेल ते कर.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, की रिकाम्या हाताने दर्शन घेतलं. पायरीवर एक म्हातारी झेंडू-शेवंतीची टोपली घेऊन बसली होती. तिच्याजवळ फुलं मागितली. तिने माझ्याकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं आणि फुलं परत टोपलीत ठेवली.

“कोनाचा रे तू?”

मी आईचं गाव सांगितलं.

“बार्शीटाकळीले देल्ली व्हती ते माळ्याची पोरगी? तिचा?”

मी मान डोलावली. म्हातारीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “मंग तू माहा हायेस.”

मला काही कळेना. तिने मला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती नवं लेकरू सुपात घालून आणते आणि देवळाच्या दारी फुलवालीला विकते. मग मूठभर ज्वारी देऊन तेच लेकरू परत विकत घेते. लेकरू परक्याचं समजून मरण त्याच्या वाटेला जात नाही, अशी समजूत आहे.

“साऱ्या बाया मूठ टाकतात अन् लेकरू झटक्यात उचलतात,” ती म्हणाली. “तुही माय उचलेच ना. अथीच बसून रडून राहिली व्हती. म्हने, मावशी, तुह्याजोळच राहू दे, माह्याजोळ जगत नाई. म्या म्हटलं, बाई, दूध कोन पाजन त्याले? तवा नेलं. पन मूठ काई देल्ली नाई. म्हने, हा तुहाच राहू दे, मी निस्तं दूध पाजीन.”

मग फुलं सारखी करत ती म्हणाली, “दर कार्तिकात एक फूल तुह्यासाठी वाह्यलं म्या. नाव मालूम नव्हतं, म्हनून ‘माहा पोट्टा’ म्हटलं.”

त्या भर गर्दीत मी लहान मुलासारखा रडलो. मी स्वतःला अनाथ म्हणत होतो, त्या प्रत्येक कार्तिकात इथे माझं फूल वाहिलं जात होतं.

ऐन यात्रेत टोपली शेजारणीच्या हवाली करून ती माझ्याबरोबर अमरावतीला आली. साहेबांनी विचारलं, “बाई, याचं तुमचं नातं काय?” ती म्हणाली, “इकत घेतला म्या याले. मोल भेटलं नाई, म्हनून अजून माहाच हाय.” कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला सगळं नीट विचारलं, जबानी लिहून घेतली आणि तिचा अंगठा घेतला. मार्गशीर्ष लागायच्या आत मला पासपोर्ट मिळाला. हा चमत्कार होता की योगायोग, यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

बडनेरा स्टेशनवर ती मला पोचवायला आली. मी रुमालात ज्वारी बांधून आणली होती, तिच्यापुढे मूठ धरली. तिने माझी बोटं परत मिटली.

“आत्ता नाई. मोल देल्लं का तू मोकळा झाला. येवढ्या दूर मोकळं जाऊ नये. वापस ये, मंग दे.”

विलायतेत थंडीने खिडकी गोठायची आणि दिवसचे दिवस माझ्याशी कोणी बोलत नसे. तेव्हा मी तो रुमाल हातात घेऊन बसे. आईने मला आपला म्हणून धरून ठेवलं नाही, दुसरीच्या ओटीत घातलं, म्हणून मी जगलो. मला आजवर वाटे की देवाला शरण जायचं म्हणजे हरल्यावर हात टेकायचे. आई हरली नव्हती, तिने सोपवलं होतं.

शिकून परतलो तेव्हा पायरीवर तिची सून बसली होती. सासू आदल्या उन्हाळ्यात गेली, असं तिने सांगितलं. “जाईपर्यंत तुमचं फूल चुकवलं नाई बुढीनं,” ती म्हणाली. मी रुमालाची गाठ सोडली. बराच वेळ ती ज्वारी तळहातावर धरून उभा राहिलो. मग पुन्हा गाठ मारली, दोन फुलं घेतली आणि आत जाऊन दोन्ही आयांच्या नावाने वाहिली.

ती मूठ मी अजून दिलेली नाही. देणारही नाही.