गोंगाटातलं इंग्रजी

गिरणीत साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट एवढा, की आम्ही विणकर एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. शेजारच्या साच्यावरच्या बुधाजी पडवळचे ओठ मात्र मला कधी कळले नाहीत. नंतर कळलं, दोन वर्षं तो त्या गोंगाटात मोठमोठ्याने इंग्रजी बोलत होता. परळच्या चाळीत बोलला की पोरं फिदीफिदी हसायची. इथे चुकलं तरी ऐकणार कोण? त्याला कारकून व्हायचं होतं आणि त्यासाठी मोठ्या साहेबापुढे इंग्रजीत बोलायचं होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी संप ठरला, त्या दिवशी पहिला साचा मी थांबवला. पाठोपाठ सगळे थांबले. एकदम चिडीचूप झालं आणि त्यात बुधाजीचं इंग्रजी खणखणीत ऐकू आलं. तो दचकून गप्प झाला.

"आपण मराठीसाठी मरतोय, आणि हा बघा साहेबाचा पोपट!" कुणीतरी ओरडलं. खोटं कशाला सांगू, मीच ओरडलो.

तेवढ्यात मोठा साहेब तणतणत आला. इंग्रजीत काहीतरी गरजला. आमचा मुकादम, जॉबर, आमच्याकडे वळून म्हणाला, "सुरुवात कुणी केली, नाव सांगा."

बुधाजी हात पुसत पुढे झाला. जाताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. आता हा माझंच नाव सांगणार, असं मला वाटलं. साहेबापुढे उभा राहून तो न अडखळता इंग्रजीत बोलला.

मला इंग्रजी येत नाही. पण त्या बोलण्यात नाव एकच होतं, ते मला कळलं. बुधाजी पडवळ.