तपासणीची खोडलेली ओळ

भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये गेल्या वर्षीपर्यंत दोन शिफ्ट चालायच्या. दुसरी टिकवायची तर चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं फिक्स्चरचं काम मिळायलाच हवं होतं. फिक्स्चर म्हणजे छिद्र पाडताना पार्ट हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारा लोखंडी साचा. दुसऱ्याच्या लेथवर दहा वर्षं उभा राहून मी हे काम शिकलो. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला नमुना देऊन आलो, तेव्हा त्यानं तो उलटापालटा करून पाहिला आणि "विचारणा पाठवतो" म्हणाला. मी चार महिने वाट पाहिली. आपण होऊन फोन केला नाही. मागे लागणाऱ्याचा भाव पडतो, हे मी फार आधी शिकलोय.

शेवटी राहवलं नाही, गेलो. त्यानं बसायलाही सांगितलं नाही.

"काम नको असेल तर तसं सांगायचं ना राव. तीनदा लिहिलं तुम्हाला."

"कुठं लिहिलं?"

"तुमच्या वेबसाइटवर. कार्डावर मेलचा पत्ता कुठाय?"

"मग फोन करायचा की!"

"ड्रॉइंग काय फोनवर वाचून दाखवू?"

माझ्यासमोर त्यानं त्याच्या मोबाईलवर माझ्या वेबसाइटचा फॉर्म भरला. हिरव्या पट्टीत अक्षरं आली : धन्यवाद, आम्ही चोवीस तासांत संपर्क करू. म्हणजे माझ्या नावानं याला तीनदा शब्द गेला होता आणि मला पत्ता नव्हता.

काम तळेगावच्या एका युनिटला गेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे पुरवठादारांच्या यादीत माझ्या नावापुढं 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडला होता. तो असेपर्यंत पुढची कुठलीच विचारणा येणार नव्हती.

"लेखी कारण द्या," तो जरा नरमून म्हणाला. "ज्याची चूक, त्याच्या सहीनं. मग शेरा काढायचं बघू."

तसाच गाडी काढून चिंचवडला वेबसाइटवाल्याकडे गेलो. काचेची केबिन, गार हवा, भिंतीवर प्रमाणपत्रं. कार्ड छापताना यानंच मला सांगितलं होतं की मेलचा पत्ता कशाला, सगळं फॉर्मवरून येईल. त्यानं दोन मिनिटं बटणं दाबली आणि मान हलवली.

"सर, बनवताना टेस्टसाठी आमचा एक पत्ता टाकलेला असतो. तो बदलायचा राहून गेला."

कोणाकडून राहून गेला, ते काही तो बोलला नाही. तो मेलबॉक्स दोन वर्षांत कोणी उघडलाच नव्हता. चाकणच्या तीन विचारणा तिथं पडल्या होत्या. आणखी सात-आठ होत्या, त्यातली एक रांजणगावची.

"चल माझ्याबरोबर चाकणला. एवढंच सांग त्यांना."

"सर, आमच्या फील्डमध्ये असं कोणी जात नाही."

"मग लिहून दे."

"लिहून दिलं की लीगल मॅटर होतं, सर."

माझा आवाज चढला. बाहेरच्या टेबलांवरची माणसं उठून बघायला लागली. मी म्हणालो, "भावा, माझा एक पार्ट नापास झाला ना, तर मी गिऱ्हाइकाच्या गेटवर जातो. त्याच्या शेडमध्ये मांडी घालून अख्खा लॉट एकेक करून निवडतो. चूक कशी झाली, का झाली, कोणाच्या हातून झाली, ते लिहून सही करतो. पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा गेलोय. तुझा माल नापास झालाय, आणि तू मला फील्ड सांगतोस?"

तो चिडला नाही. त्यानं ड्रॉवरमधून जुनं कोटेशन काढून माझ्यापुढं ठेवलं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं : सुपूर्द करण्यापूर्वी संपूर्ण तपासणी. त्यावर माझ्या पेनाची आडवी रेघ होती, शेजारी माझी सही.

"तुम्हीच काढायला लावली होती, सर."

लावली होती. मला तो दिवस चांगला आठवतो. "तपासणीचे वेगळे पैसे कसले मागतोस? ते तर तुझं कामच आहे," असं म्हणून मी ती ओळ खोडली होती आणि जिंकल्यासारखा चहा प्यायलो होतो. मी पैसे काढले, त्यानं तपासणी काढली. आजवर माझ्याशीही लोकांनी कमी घासाघीस केलेली नाही. पण भाव कितीही पाडून घेतला तरी गेज लावून माप तपासल्याशिवाय पार्ट मी शेडबाहेर जाऊ दिलेला नाही. गिऱ्हाईक कंजूष निघालं म्हणून छिद्र वाकडं पाडायचं नसतं. एवढी साधी गोष्ट त्या भिंतीवरच्या एकाही प्रमाणपत्रात नसावी?

पत्ता त्यानं बसल्या जागी बदलून दिला. एक मिनिटही लागलं नाही. सही दिली नाही.

मी माझ्याच लेटरहेडवर सगळं लिहून चाकणला नेलं. अधिकाऱ्यानं वाचून कागद परत सरकवला. "त्याची सही नाही. म्हणजे ही तुम्ही सांगितलेली गोष्ट झाली." शेरा राहिला.

पुढच्या महिन्यात दुसरी शिफ्ट बंद केली. त्या शिफ्टचा टर्नर परभणीकडचा, काळेवाडीत भाड्यानं राहणारा, माझ्याकडे अकरा वर्षं होता. त्याला शेडच्या दाराशी उभं करून सांगितलं. मशीन पुसत होता, हातात चिंधी तशीच होती.

"माल वापस आला का, शेठ?"

"नाही. माल गेलाच नाही."

"मग आमचं काय चुकलं?"

मी त्याला वेबसाइट, फॉर्म, मेलबॉक्स असं सगळं समजावून सांगायला लागलो. तो ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, "ते चालतंय का न्हाई, आपण एकदा तरी भरून बघितलं व्हतं का?"

त्यानं चिंधी मशीनवर घडी घालून ठेवली आणि डबा घ्यायला आत गेला.