वजाबाकीत ऐकू आलेलं

शतक नुकतंच बदललं होतं आणि पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या इतक्या निघत होत्या, की अकोल्यात माझ्या आईला वाटायचं, स्टेशनवर उतरलं की नोकरी लागते. मला लागायला सात महिने लागले. लागली ती टेस्टरची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. नारायण पेठेत एका बाईंच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली. या काकूंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली होती. पहिल्याच सकाळी मी म्हणाले, "काकू, पाणी गरम होऊन राहिलं." त्यांनी शांतपणे विचारलं, "होऊन कुठे राहिलं?"

काकूंचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे आणि रोज शाळेत जायच्या आधी तासभर बासरी वाजवायचे. कार्यक्रम वगैरे कधी केला नाही, पण स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत टेपरेकॉर्डर ठेवून आपलं वाजवणं टेप करायचे. मी राहायला आले तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्या कॅसेटी एका भाच्याने कॉम्प्युटरवर घेऊन सीडीवर उतरवून दिल्या होत्या. एक्केचाळीस फाइली होत्या, एकेक चांगली दांडगी. त्यातच कॅनडातल्या मुलीने काकूंना गळ्यात अडकवायचा छोटा एमपीथ्री प्लेअर पाठवला. त्यात त्या फाइली दोन-तीनच मावत होत्या.

"तू कॉम्प्युटरमधली ना? मग सगळ्या बसवून दे," काकू म्हणाल्या.

माझ्याकडे सुटे भाग जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर होता आणि त्यावर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतून टाकलेलं लिनक्स. मला त्याची काळी खिडकी आवडायची. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. मी हिशेब केला, की अमुक इतक्या बारीक केल्या तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मावतील. तो आकडा घालून कमांड लिहिली, ती प्रत्येक फाइलवर आपोआप चालेल अशी व्यवस्था केली आणि बाजारात भाजी आणायला गेले. परत आले तर सगळं तयार. शनिवारची दुपार होती. मी स्वतःवर खूश होते.

काकूंनी प्लेअर कानाला लावला, पाचेक मिनिटं ऐकलं आणि काढून ठेवला. "छान आहे. पण हे ते नाही."

मी समजावून सांगितलं, की एमपीथ्री करताना माणसाच्या कानाला ऐकू न येणारं तेवढंच काढून टाकतात. काकूंनी विचारलं, "कोणत्या माणसाच्या?"

त्यांना फरक कळतो, हे मला पटत नव्हतं. ऑफिसात आम्ही कुणाच्या म्हणण्यावर विश्वास ठेवत नसू, चाचणी घ्यायचो. मग मी तेच केलं. पुढच्या शनिवारी बारीक केलेली एक फाइल पुन्हा मूळच्या प्रकारात उलटवली, म्हणजे दोन्ही दिसायला सारख्या. मग कधी ही, कधी ती, असा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचा तुकडा आपल्याच मनाने निवडून वाजवणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. कोणती वाजतेय, ते मलाही कळणार नव्हतं. काकू डोळे मिटून हेडफोन लावून बसल्या. बारा वेळा वाजवलं. प्रत्येक वेळी त्या "खरी" किंवा "तुझी" एवढंच म्हणायच्या आणि मी लिहून घ्यायचे. मग प्रोग्रामने ठेवलेली नोंद उघडली. अकरा बरोबर होती.

मी स्वतः बसून पाहिलं तर माझी सहा आली. म्हणजे नाणं उडवल्यासारखीच.

चुकलेला एकच तुकडा पुन्हा लावला. त्यात बासरी जवळजवळ सलग वाजत होती, मध्ये कुठे मोठा थांबा नव्हता. बाकी अकरांमध्ये होता. मी काकूंना ते दाखवलं, तेव्हा त्यांनाही आपण काय ऐकत होतो, ते नीट सापडलं. त्या म्हणाल्या, "एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलं की दोन्हीकडची माणसं गप्प असली तरी लाइन चालू आहे की तुटली, हे कळायला लागतं. चालू लाइनची शांतता भरलेली असते. तुझ्या फाइलीत हे श्वास घ्यायला थांबले, की लाइन तुटते."

मग काढून टाकलेलं नेमकं काय होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ऑफिसच्या बसमध्ये एकदम सुचलं, की आवाज म्हणजे शेवटी आकड्यांची रांगच. एका रांगेतून दुसरी वजा करता येईल. मुळातून बारीक केलेली वजा केली, की उरेल तेच टाकून दिलेलं.

दोन संध्याकाळी ते जमेना. वजा करूनही पूर्ण बासरीच ऐकू येई, उलट दोनदा वाजल्यासारखी. शेवटी लक्षात आलं, की बारीक करताना सुरुवातीला निमिषभर रिकामी जागा जोडली जाते, म्हणून दोन्ही रांगा एकमेकींसमोर येतच नाहीत. तेवढी जागा कापली आणि पुन्हा वजाबाकी केली.

बासरी गेली. म्हणजे जवळजवळ गेली. दूर कुठेतरी भिंतीपलीकडे असावी तशी राहिली. पुढे होती टेपची खरखर, फुंकरीची कड आणि चिमण्या. आणि मधूनमधून एक बारीक किणकिण, जी मी मूळ फाइलीत कधीच ऐकली नव्हती.

काकूंना हाक मारली. त्यांनी हेडफोन लावला. मग म्हणाल्या, "या माझ्या बांगड्या. पोहे भिजवत असेन." आणखी ऐकलं. "हे मला म्हणायचे, टेप चालू असताना आवाज करू नको. मी म्हणायचे, मी कुठे करतेय."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. त्यांनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि मी काय लिहिलं होतं, ते वाचून दाखवायला सांगितलं. मी सांगितलं, की आधी प्रोग्रामचं नाव, मग किती बारीक करायचं तो आकडा, जितका लहान तितकी फाइल बारीक, मग कोणती फाइल घ्यायची आणि शेवटी ती कुठे ठेवायची.

"म्हणजे ट्रंक कॉलच की," काकू म्हणाल्या. "कुठून, कुठे आणि अर्जंट की ऑर्डिनरी."

भाच्याने त्यांना माउस शिकवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा बाण पळतो म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. इथे पळणारं काही नव्हतं. त्यांनी एका वहीत प्रत्येक कमांड सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. मोकळी जागा कुठे सोडायची, तिथे लाल खूण केली. एकदा टायपिंग चुकलं आणि इंग्रजीत तुटक उत्तर आलं, तर म्हणाल्या, "आमच्या सुपरवायझर बाई अशाच बोलायच्या."

मी ऑफिसला गेले, की त्या माझ्या खोलीत बसायला लागल्या. एकेक रेकॉर्डिंग त्यांनी दोन-तीन आकड्यांवर करून पाहिलं आणि कुठल्या आकड्याला लाइन तुटत नाही, ते वहीत लिहिलं. सलग वाजवलेलं असेल तिथे लहान आकडा चालायचा, थांबत-थांबत वाजवलेलं असेल तिथे मोठा. एक्केचाळीस काही मावणार नव्हतीच. महिन्याभराने प्लेअरमध्ये सतरा होती, सगळी त्यांनी स्वतः केलेली. उरलेली सीडीवर आहेत, जाणार कुठे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यातलं एक का गाळलं, असं मी विचारलं. मला ते सगळ्यात सुरेल वाटायचं. त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी त्या माहेरी गेल्या होत्या, घर रिकामं होतं आणि ते रिकामपण त्यात ऐकू येतं. मी ते रेकॉर्डिंग तीन वेळा ऐकलं. मला काही फरक कळला नाही.