शेवटच्या रांगेतला मुरुगन

मी मस्कतला निघालो त्या सकाळी बाबांनी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. घरातले, शेजारचे, काजूच्या बागेत निघालेले दोघे-तिघे, सगळे खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहिले. “बा देवा महाराजा, ह्यो माझो झील आज परमुलखात चल्लो आसा, तेका सांभाळून घे रे महाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले, “व्हय महाराजा!” आई माझ्या बॅगेत आमसुलांची पुडी कोंबत होती, तिनेही मान वर न करता साथ दिली. नांदगाव स्टेशनवर गाडीत बसलो तरी तो आवाज कानात होता. एवढी माणसं आपल्यासाठी हो म्हणतात, मग काय वाईट होणार?

खरं तर त्या होकाराची गंमत मला लहानपणापासून माहीत होती. एका गणपतीत गाऱ्हाणं चालू असताना शेजारच्या बाळूकाकाने मध्येच घुसडलं, “आनी जनार्दनाची म्हस उडांदे रे महाराजा!” तरी सगळे ओरडले, “व्हय महाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज जनार्दनकाकाचाच होता.

बाहेर जाऊन नाव काढलेल्या मुलांनी शाळेच्या स्मरणिकेत लिहावं, असं गावच्या शाळेतल्या गुरुजींनी कळवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो ज्यांच्यामुळे झालो त्यांना नाही म्हणणं जमलं नाही. पण नाव काढल्याची गोष्ट माझ्याकडे नाही. आहे ती ही.

इथे एका इमारतीच्या बांधकामावर मी सेफ्टी ऑफिसर आहे. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटांची मीटिंग घेतो. समोर नेपाळी, बांगलादेशी, तामिळ, मल्याळी, दोघे फिलिपिनो. मी हिंदीत बोलायचो, मध्ये मध्ये इंग्रजी. शेवटी विचारायचो, “समझा? ओके?” चाळीस जण म्हणायचे, “यस सर!” आणि मला खळ्यात उभं असल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू, तो आवाज मला आवडायचा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. सर विचारायचे, “अंडरस्टूड?” मागच्या बाकावरून मीही “यस सर” म्हणायचो आणि खोलीवर येऊन रडायचो. म्हणजे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तर मला.

मुरुगन तामिळनाडूतल्या खेड्यातला, गवंडी. नेहमी शेवटच्या रांगेत असायचा. त्या दिवशी मी सांगितलं की जिन्याजवळच्या परांचीवर आज कुणी चढायचं नाही, तिचे खालचे जोड सोडले आहेत. लाल पाटी स्टोअरमधून यायची होती, ती येईपर्यंत तोंडी सांगणं पुरे, असं मी ठरवलं. सगळे “यस सर” म्हणाले. मुरुगनही म्हणाला. माझं त्याच्याकडे लक्ष होतं, तो हसून म्हणाला होता.

तासाभरात तो त्याच परांचीवरून पडला. खुबा आणि घोटा मोडला. जीव वाचला, पण उंचावरचं काम आता त्याच्याच्याने होणार नाही.

रिपोर्टच्या फॉर्मवर दोन प्रश्न होते. कामगाराला सूचना दिली होती का? मी ‘होय’ लिहिलं. त्याला ती समजली होती का? मी पुन्हा ‘होय’ लिहिलं. पाटीचा उल्लेखच केला नाही. ठपका मुरुगनच्या निष्काळजीपणावर आला, भरपाई नाकारली गेली आणि कुबड्या घेऊन तो घरी गेला. मी सात महिने गप्प राहिलो.

मीटिंग मात्र बदलली. आता मी आधी शेवटच्या रांगेकडे जातो. एक मल्याळी सहकारी तामिळ लोकांना समजावतो, एक नेपाळी फोरमन त्याच्या माणसांना. मग मी एकेकाला म्हणतो, आज काय करायचं नाही ते तू मला सांग. वेळ दुप्पट लागतो, मॅनेजर घड्याळ दाखवतो. परवा बांगलादेशचा रफीक म्हणाला, “साब, आप तो रेडिओ माफिक बोलता, बंदही नहीं होता. हम कुछ नहीं समझा.” सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मुरुगन आठवला. त्याला हे म्हणायची संधी मी कधी दिलीच नव्हती.

गेल्या आठवड्यात फोनवर बाबांना सगळं सांगितलं.

“तेका कळूक नाय, आनी तू कळला म्हणान लिवलंस?”

“व्हय, बाबा.”

“मगे आता खरा काय ता लिवन दी.”

“नोकरी जायत.”

“जायत तर जांदे. शेती काय पळान गेली?”

काल मी नवा जबाब लिहून दिला. पाटी नव्हती, सूचना त्याच्या भाषेत नव्हती, त्याला कळली की नाही हे मी पाहिलं नाही. मॅनेजरने तो दोनदा वाचला. मुरुगनची फाइल पुन्हा उघडेल म्हणाला, आणि तुझं काय होईल ते मी सांगू शकत नाही, असंही म्हणाला.

परदेशात असताना घर म्हटलं की मला खळं, माड, आईच्या हातची कढी आठवायची. आता घर म्हणजे खोटं सांगून ज्यांचा फोन ठेवता येत नाही ती दोन माणसं.

जबाब दिल्याचं कळवलं तेव्हा फोन आईने घेतला. नोकरीचं तिने काही विचारलं नाही. म्हणाली, “त्या मुरुगनाची आवस आसा काय रे? तेका कोण बघता?”

दीड वर्ष रोज सकाळी तो माझ्यासमोर उभा होता आणि त्याला आई आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

“मगे इचार,” आई म्हणाली.