धर्माचं लपवलेलं घर

सकाळी फोन वाजला तेव्हा मी चहा गाळत होतो. पलीकडे हिरावहिनी. "भाऊ, हे गेले... झोपेतच. तुमी या." मी काही बोलणार तेवढ्यात त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन गावात अजून कोनाला सांगू नका." गेल्या महिन्यातली ही गोष्ट. धर्मा माझा बंदरातल्या नोकरीतला जुना सोबती. माणूस गेला की पहिला निरोप गावाला जातो, आणि याच्या बायकोला तोच अडवावा लागला. कारण धर्मा कुठे राहतो, हे गावाला ठाऊकच नव्हतं.

उरणकडच्या त्याच्या गावात त्याचा तीन मजली बंगला आहे. जमिनीच्या मोबदल्यातून मोठ्या हौसेनं बांधलेला. मुलाच्या हळदीला अख्खं गाव अंगणात जेवलं होतं आणि धर्मा प्रत्येकाच्या पानाशी वाकून आग्रह करत फिरत होता. पुढे मुलगा आखातात गेला, मुलगी सासरी. वरच्या खोल्या फक्त झाडण्यापुरत्या उघडायच्या. एका पावसाळ्यात गच्चीवरचं शेवाळ खरवडताना वहिनी घसरल्या, पायाचं हाड मोडलं. बऱ्या झाल्यावर त्यांनी एकच सांगितलं, "मी आता जिना चढायची नाय." पनवेलजवळ आपटा गावाच्या रस्त्याला असलेलं ज्येष्ठांचं संकुल त्यांनीच शोधलं. हॉल, एक खोली, कुठे उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, डॉक्टर आवारातच, जेवण खालच्या भोजनगृहात. गळती, पंप, रंगरंगोटी, कसलीच कटकट नाही. वहिनी तिथे लगेच रमल्या. धर्मा मात्र खचला. त्याच्या लेखी तो वृद्धाश्रमच. गावात त्यानं सांगून टाकलं की हिच्या पायाच्या इलाजासाठी पनवेलला भाड्यानं राहतोय. गावचं कुणी भेटायचं म्हणालं, तर त्याला बाजारात बोलावून हॉटेलात चहा पाजायचा. घरी कधीच नाही.

एकदा भावकीतला पुतण्या संकुलात एसी दुरुस्त करायला आला आणि जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असलेला काका त्याच्या नजरेस पडला. "काका, तुमी हितं?" धर्मानं ताट बाजूच्या टेबलावर सरकवलं आणि हसून म्हणाला, "मी पाहुना आलोय रे, एका दोस्ताकडं." त्याच्या मागेच वहिनी उभ्या होत्या, त्यांच्याही हातात ताट... पुतण्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि गेला. गावात तोही काही बोलला नाही, आणि धर्माला तेच जास्त लागलं. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "माज्या बंगल्यात ती पडली, हाड मोडलं, तवा मना लाज नाय वाटली. आनि आता ती सुखानं जेवते त्याची वाटते... कसा रं मी?" हे तिलाच सांग, असं मी म्हणालो. "सांगायला तोंड कुठं हाय?" म्हणाला, आणि उठला.

त्या सकाळी मी संकुलात पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला नीट निजवलं होतं, उशाशी दिवा लावला होता. वहिनी म्हणाल्या, "गाडी करू, बंगल्यावर नेऊ. तितनंच काढू. लोकांना वाटंल, आपल्या घरी गेले." खरं सांगायचं तर वाटेत मीही हाच बेत आखत आलो होतो. गावाला काय सांगायचं ते वाक्यसुद्धा तयार होतं. गाडीवाल्याला लावायला मी फोन काढला. वहिनी धर्माच्या तोंडाकडे बघत होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "जिते होते तवर हे घर लपवलं. आता नको. गावाला हितं बोलवा. हे हितं पाहुने नव्हते." हातातला तो फोन कुठे ठेवावा, मला कळेना.

गाव आलं, टेम्पो भरभरून आलं. फाटकाशी लोक विचारत होते, "हे कोनाचं घर?" धर्माचं, असं मी मोठ्यानं सांगत होतो, तरी दर वेळी कान तापायचे. "एवढा बंगला असून हितं मेला," कुणीतरी कुजबुजलं. वहिनींनी ऐकलं, पदर सारखा केला आणि ताठ बसून राहिल्या. संध्याकाळी मुलगा विमानानं पोचला. खांदा द्यायला पुतण्या सगळ्यांच्या आधी पुढे झाला. धर्माची थोरली वहिनी, गावात मोठ्या घरात एकटीच राहणारी, न्हाणीघरातले दांडे हातानं चाचपून आली आणि निघताना हिरावहिनींच्या कानाशी लागली, "हितं अजून एखादी खोली मिलंल का गो?" धर्मानं एवढं ऐकायला हवं होतं...

परवा वहिनींकडे गेलो होतो. गॅलरीत धर्माची वेताची खुर्ची आहे, रस्त्याकडे पाठ केलेली. जाता-येता कुणी ओळखू नये म्हणून तो तसाच बसायचा, समोरच्या भिंतीकडे बघत. मी ती फिरवायला हात घातला. "राहू द्या," वहिनी म्हणाल्या. मग त्या स्वतःच तिच्यात बसल्या, रस्त्याकडे पाठ करून, आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काय दिसत असंल हो तेंना हितनं?"