सुनंदाने सांगायला हवं होतं

पॅकिंग खात्यात किस्से साठायला वेळ लागत नाही. गोळ्यांचा पट्टा समोरून सरकत असतो, हात आपोआप चालतात आणि तोंड मोकळं राहतं. भांडुपच्या आमच्या औषध कंपनीत आम्ही बायका दिवसभर अशाच बोलत असायचो. सुनंदा तावडेचे किस्से तेव्हा हसत हसत सांगायचो. आता सांगताना मला राग येतो. तरी सांगतेच.

सुनंदाने जीव दिला, त्यानंतर खात्यात शोकसभा झाली. तेवढ्यापुरता पट्टा बंद केला होता. आमचे सुपरवायझर कुलकर्णी साहेब घसा खाकरून म्हणाले, "इतका त्रास होता, तर बाईने एकदा तरी सांगायला हवं होतं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि पट्टा सुरू झाला.

तर, तिने सांगितलं होतं ते असं.

*

कंपनीचे डॉक्टर दुपारी दवाखान्यात बसायचे. झोप लागत नाही, घास उतरत नाही, कारण नसताना रडू येतं, असं सुनंदाने त्यांना सांगितलं. त्यांनी थर्मामीटर लावलं, जीभ बघितली, बीपी घेतलं. सगळं नॉर्मल! तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणाले.

"झालंय डॉक्टर. माझं मन आजारी आहे."

"कशावरून?"

परत येऊन हे सांगताना तिचे डोळे भरले होते आणि आम्ही पोट धरून हसत होतो. त्या दिवसापासून ते खात्याचं पेटंट वाक्य झालं. कुणी नुसतं भूक लागली म्हटलं, तरी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी ओरडा व्हायचा, "कशावरून?"

*

त्याच दवाखान्यात मंदा परबची मात्र वट होती. डॉक्टरकडे शिरण्याआधी ती कँटीनचा कडक चहा तोंडात धरायची. पारा चढायचा, डॉक्टर काळजीत पडायचे आणि मंदा मुलुंडला मॅटिनीला जायची. तिचं काम सुनंदाच्या वाट्याला यायचं.

मंदा मनाने वाईट नव्हती. तिने सुनंदालाही चहाची युक्ती शिकवली. सुनंदा म्हणाली, "मला खरंच बरं नाय, मग खोटं कशाला करू?"

यावर आम्ही तिला वेडी म्हणालो.

*

नवरात्रात मंदाच्या अंगात आलं, तेही ऐन शिफ्टमध्ये. पट्टा थांबला. कुलकर्णी साहेबांनी, म्हणजे चांगल्या सायन्स ग्रॅज्युएट माणसाने, चपला काढून प्रमोशनचं विचारलं. देवीने दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. साहेबांनी मंदाला स्वतःची खुर्ची दिली आणि वर दोन दिवसांची सुट्टीही.

सुनंदा माझ्या शेजारच्या स्टुलावरून बघत होती. हळूच म्हणाली, "माझ्या पण अंगात येतं गं काहीतरी. फक्त त्याला नाव नाय."

*

मग तिने साहेबांकडे आठवड्याची रजा मागितली. कारण काय, तर मन थाऱ्यावर नाही. साहेब म्हणाले, मन कुणाचं थाऱ्यावर असतं? रजा नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा गेटवर आला. गिरणीच्या संपापासून घरी बसलेला, साधा मालवणी माणूस. त्याने हात जोडले. "सायबानू, हिका भायरचा लागला हा. गावाक नेऊन गाऱ्हाणा घालूचा आसा."

बाहेरची बाधा म्हटल्यावर रजा जागच्या जागी मंजूर! साहेबांनी देवापुढे ठेवायला आपल्याकडून नारळही दिला. आठवड्याने सुनंदा कपाळाला अंगारा लावून परत आली. बाकी जशी गेली होती तशीच.

*

आणि त्या पट्ट्यावर आम्ही भरत काय होतो? मन शांत करणाऱ्या गोळ्या. एकदा सुनंदाने त्यातलं एक पाकीट उचलून साहेबांना विचारलं, या माझ्यासारख्यांसाठीच असतात ना? साहेबांनी ते तिच्या हातातून काढून खोक्यात ठेवलं.

"खऱ्या आजारी माणसांसाठी असतात, तावडेबाई."

*

तिचा शेवटचा शुक्रवार मात्र झकास गेला. ठेवणीतली साडी, केसांत अबोलीचा वळेसर. घरून घावणे आणले होते, ते तिने सगळ्यांना आग्रहाने वाढले. स्टुलावरची तिची उशी तिने मंदाला दिली आणि जेवणाचा स्टीलचा डबा मला. अगं, तुला लागेल ना, मी म्हटलं. राहू दे तुझ्याकडे, म्हणाली. दवाखान्यातही जाऊन आली. आज तुम्हाला त्रास द्यायला नाही आले, म्हणाली, तेव्हा डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली.

दुपारी कुलकर्णी साहेब राउंडला आले. तिला हसताना बघून थांबले. काय तावडेबाई, आज एकदम खुशीत?

"हो साहेब. आता मी अगदी बरी आहे."

साहेबांनी आमच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मंदाने तिला मिठी मारली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

कशावरून, असं त्या दिवशी कुणीही विचारलं नाही.