पाहुण्यांच्या पानावरची आत्या

मुलांना पुस्तकं भेट देणाऱ्या माणसांवर माझा राग आहे. सगळ्यांवर नसेल, पण एका बाईंवर आहेच. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, त्यामुळे तर जास्तच. वाईट माणसाला निदान चार शब्द सुनावता येतात. चांगल्या माणसाचं करायचं काय?

त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मालवणात आता ज्याच्या घरात दोन खोल्या जास्त, तो पर्यटक ठेवतो, तसे आम्हीही ठेवतो. स्वयंपाक माझी भावजय करते. मी ओरोसला एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे, सकाळच्या एसटीने जाते आणि संध्याकाळी परत येते. घरात आम्ही दोघी आणि भावजयीची पहिलीतली मुलगी. माझा भाऊ पोर रांगत होती तेव्हा 'कामाक जातंय' म्हणून बॅग घेऊन गोव्याला गेला आणि तिकडेच त्याने दुसरा संसार मांडला. पैसा नाही, फोन नाही. भावजय माहेरी जायला निघाली तेव्हा मीच तिला म्हटलं, "तू खंय जातंस? गेलो तो. घर खंय गेला?" ती राहिली. मी लग्न केलेलं नाही, माझा कुठे जायचा प्रश्नच नव्हता. झालं, हे आमचं घर. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण त्या बाईंना आमची दया आली. पुण्याला गेल्यावर त्यांनी पार्सल पाठवलं आणि वर फोन. "तिचे बाबा नाहीत ना, म्हणून मुद्दाम शोधून पाठवलंय. वेगवेगळ्या कुटुंबांचं चित्रांचं पुस्तक आहे. तिला एकटं वाटायला नको." मी थँक्यू म्हटलं. पोरीला एकटं वाटत होतं हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

पुस्तक दिसायला झकास होतं, खोटं कशाला बोलू? गुळगुळीत जाड कागद, प्रत्येक पानावर एक घर आणि घराच्या दारात माणसं. एका घरात आई, बाबा आणि दोन मुलं. एका घरात एकटे बाबा. एका घरात आजी आणि नातू. एकीला दत्तक घेतलेलं, एकाची दोन घरं, एक आईकडे आणि एक बाबांकडे. सगळ्यांच्या छपराला धुराडं, सगळे टेबलावर जेवतात, आणि मासा दिसला तर काचेच्या भांड्यात पोहणारा. आमच्या पोरीने तो मासा बघून विचारलं, "आते, हे ह्याची कढी कधी करतले?" मला हसू आलं. म्हटलं, असू दे, चित्रं तरी बघेल.

तिने ती बघितली नाहीत, तपासली. रोज संध्याकाळी मी दमून येऊन चहाचा कप हातात घेते न घेते तोच पुस्तक माझ्या मांडीवर. पानापानावर बोट. "आमचा घर खंय आसा हेच्यात?" नाय गो, म्हटलं की पुढचं पान. मग तिला दोन आयांचं घर सापडलं. दारात दोन बायका आणि मध्ये एक मुलगी. पोर नाचायलाच लागली. "ह्या आमचा! आये, हय बघ, ह्या आमचा!" भावजय मासे साफ करत होती, ती वळली, चित्र बघितलं आणि लाजून पुन्हा माशांकडे वळली. समजावायचं काम अर्थात माझ्यावर आलं. त्या दोघी एकमेकींच्या जोडीदार आहेत, नवराबायकोसारख्या, दोघी त्या मुलीच्या आया आहेत, त्यांचं घर छान आहे, पण आम्ही तशा नाही, आम्ही नणंद-भावजय. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मगे नणंद-भावजयचा पान खंय?"

आता काय सांगू तिला? जगातली सगळी घरं शोधून काढणाऱ्या त्या शहाण्यांना नणंद आणि भावजय एका घरात सुखाने राहतात हे सुचलंच नसणार. सुचलं असतं तरी कोणी छापलं नसतं.

खरी आग लागली ती शेवटच्या पानामुळे. त्यावर मोठ्या अक्षरांत 'पाहुणे'. काका, मामा आणि त्यांच्या शेजारी आत्या. हसरी, खांद्याला पर्स, हातात बॅग, दुसऱ्या हातात मिठाईचा बॉक्स. खाली लिहिलेलं, आत्या येते, खाऊ आणते, आणि आपल्या घरी जाते.

पोर नुकतीच वाचायला शिकली होती. जोडाक्षराला अडखळत, पण हे एवढं तिला नेमकं नीट वाचता आलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग पडवीतल्या खुंटीला टांगलेल्या माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे बघितलं. "आते, तुझा घर खंय आसा?"

"ह्याच माझा घर. आणि खंय असतला?"

"मगे हय असा कित्याक लिवलेला आसा?"

"तेंका अक्कल नाय म्हणान."

हे उत्तर तिला पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नवीन सुरू झालं. मी सकाळी चप्पल घातली की ती दारात. "आते, तू परत येतलंस मा?" येतलंय गो. "खरांच?" खरांच. "बॅग कित्याक व्हयी?" अगो, डबो खंय घालू मगे? डोक्यावर? तोवर एसटी वळणावर हॉर्न मारत असायची आणि मी या वयात पदर खोचून धावत सुटायची.

मी तिच्यापुढेच पेन घेतलं, 'आपल्या घरी जाते' यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'इथेच राहते.' तिने बघितलं आणि मान हलवली. "पेनान लिवलेला खरा नसता. छापलेला खरा असता." कपाळ माझं! मी इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढली आहेत, तिला खोटं पाडायला माझ्याकडे तोंडच नव्हतं.

मग एका सकाळी बॅग खुंटीवर नाही. मी घर उलथंपालथं केलं. पडवी, माळा, पाहुण्यांच्या खोल्या. भावजय भाकऱ्या टाकून शोधायला आली. पोर ओट्यावर गप्प बसून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती, त्यावरून मी ओळखायला हवं होतं. एसटी गेली. पुढची मिळेपर्यंत ऑफिसात साहेब येऊन बसले होते. "काय मॅडम, आज उशीर?" बॅग हरवली म्हटलं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच झालं तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आजसुद्धा बॅगच का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सांगणार काय? एका पुस्तकामुळे झालं म्हणून?

पहिल्या वेळी बॅग संध्याकाळी आपोआप खुंटीवर आली होती, दुसऱ्या वेळी सापडली ती नारळांच्या ढिगात. डब्याला मुंग्या लागलेल्या. मी पोरीला ओढत तिथे नेलं आणि जी काही बोलले ते पलीकडच्या घरात ऐकू गेलं असेल. ती रडली नाही. म्हणाली, "बॅग नसली तर तू जावचं नाय." आणि मग अगदी हळू, "बाबा बॅग घेवन गेलो."

माझा राग तिथल्या तिथे विझला असं लिहायला बरं दिसेल. विझला नाही. फक्त तिच्यावरून उठून दुसरीकडे गेला. भावावर, त्या बाईंवर, ज्याने ती हसरी आत्या काढली त्या चित्रकारावर. आणि थोडा माझ्यावरही, कारण त्या पोरीला पटेल असं एक वाक्य मला सापडत नव्हतं. मी तिला शपथ घेऊन सांगितलं, जवळ घेऊन सांगितलं. ती मान डोलवायची आणि सकाळी पुन्हा दारात. परत येतलंस मा?

अशातच चतुर्थी आली. आमच्याकडे गणपती असतो. मूर्तीच्या वर लाकडी चौकटीची हिरवीगार माटवी बांधायची, तिला नारळ, काकड्या, रानातली फळं टांगायची, आणि पूजा झाली की गाराणं. म्हणजे घरातल्या मोठ्या पुरुषाने देवासमोर उभं राहून मोठ्याने घरच्यांसाठी मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. आमच्याकडे मोठा पुरुष नाही, म्हणून भावकीतले काका येतात. माणूस देवासारखा, पण गाराणं त्यांच्या वडलांकडून जसं पाठ झालं तसंच घालतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"बा गणपती महाराजा, वर्षासारखी आज ह्या लेकरांनी तुझी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या घराचो कर्तो माणूस पोटासाठी परमुलखात आसा, थंय तेका सुखी ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा," आम्ही म्हटलं. दर वर्षी म्हणतो. पोटासाठी म्हणे! दर वर्षी माझ्या तोंडावर येतं आणि दर वर्षी मी गिळते, सणाच्या दिवशी कशाला म्हणून.

"तेच्या बायलपोरांची राखण कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या घरच्यो माहेरवाशिणी खंय खंय दिल्लेल्यो आसत, थंय थंय तेंका सुखी ठेव रे महाराजा!"

यावर 'व्हय' म्हणायला आम्ही तोंड उघडलं तोच पोरीचा आवाज आला. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, पुस्तकातली पानं तपासायची तशीच.

"आते खंय आसा हेच्यात?"

काका थांबले. हातातली फुलं तशीच. "गप गो. गाराण्यात मधी बोलूचा नसता."

"पण आते खंय आसा? बाबा झालो, आये झाली, मी झालंय. आते दिल्लेली नाय. मगे ती खंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात धरला आणि पुटपुटले, "जाऊ दे काकानू, तुमी म्हणा पुढे. मोदक थंड होतत." तेवढ्यात मागून भावजय बोलली. माणसांसमोर तोंड न उघडणारी माझी भावजय, पिठाचे हात पदराला पुसत.

"काकानू, कर्त्या माणसाचा परत म्हणा. तुमी चुकलास."

"मी? माझ्या बापाशीन घातला, तसाच घातलंय."

"कर्तो माणूस परमुलखात नाय. तो हय उभो आसा. वन्सं."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग गणपतीकडे, परवानगी विचारावी तसं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच संताप येत होता. काकांनी घसा खाकरला आणि माझं नाव घेतलं. पूर्ण, वडलांच्या नावासकट. लाइटचं बिल अजून भावाच्या नावावर येतं, त्या घरात.

"ती ह्या घराची कर्ती आसा रे महाराजा. तिका रोज ओरोसाक सुखरूप ने, आणि रोज सांजेक सुखरूप परत हाड ह्याच घराक रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांच्या वर पोरीचा आवाज.

सण संपून ऑफिस सुरू झालं त्या सकाळी बॅग पुन्हा खुंटीवर नव्हती. मी ओरडायला तोंड उघडलं, तर ती पायरीवर ठेवलेली, माझ्या चपलांशेजारी. उचलली तर ही जड. म्हटलं, आता हिने आत काय दगड भरले की काय! उघडली. डब्याखाली ते पुस्तक.

"ह्या कित्याक?"

"पुण्याक परत धाड," पोर म्हणाली. "हेच्यात चूक आसा."

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. ते धोंड्यासारखं पुस्तक खांद्याला अडकवून मी त्या बाईंच्या नावाने चडफडत धावत सुटले. फाटकाशी पोचल्यावर सवयीने मागे वळून थांबले, ती विचारेल म्हणून. ती ओट्यावर बसून चहात बुडवलेली खारी खात होती. माझ्याकडे बघून तिने हात हलवला आणि काहीच विचारलं नाही.